मोंबासाला धाडलेली तसवीर

रेवदंड्याच्या त्या घरात आम्ही तीन माणसं राहत होतो, आणि त्यांतली दोन एकमेकांशी बोलत नसत. काका ओटीवरच्या झोपाळ्यावर बसलेले असायचे, काकू माजघराच्या उंबऱ्याशी तांदूळ निवडत असायची; दोघांत फार तर चार हातांचं अंतर. तरी काकू म्हणायची, "इंदू, सांग त्यांना, पान वाढलंय." आणि काका मान वर न करता म्हणायचे, "इंदू, तिला सांग, आलो." मी मधे उभी राहून दोन्ही निरोप मोठ्याने सांगायची, जणू दोघंही बहिरी होती. सुरुवातीला मला हसू यायचं, मग सवय झाली. हे असं का, म्हणून मी एकदा शेजारच्या वाडीतल्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "फार जुनं आहे गं ते. आता त्या दोघांनाही आठवत नसेल." मला वाटतं, दोघांनाही चांगलं आठवत होतं. पण मला कुणी सांगितलं नाही, आणि आता सांगणारं कुणी उरलेलं नाही.

मी तिथे आले ती थोड्या दिवसांसाठी. आई विषमज्वराने गेली, वडिलांनी गिरगावात दुसरा संसार मांडला, आणि नव्या आईला घराची सवय होईपर्यंत मला काकांकडे ठेवायचं ठरलं. आधी वडिलांचं पत्र आठवड्याला यायचं, मग महिन्याला, मग फक्त दिवाळीला. तक्रार करावी असं कुणी माझ्याशी वागलं नाही. काकूच्या हाताला चव होती. वालाचं बिरडं, केळफुलाची भाजी, पावसाळ्यात उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला पापड, सगळं वेळेवर आणि गरम पानात पडायचं. पण जेवताना फक्त भुरके आणि भांड्यांचे आवाज ऐकू यायचे. दिवसभर वाडीत रहाट कुरकुरत असायचा. दुपारी रेड्याला सोडलं की तो थांबायचा, आणि तो थांबला की समुद्र ऐकू यायला लागायचा. ती वेळ मला सोसत नसे. मी उठून काकांच्या खोपटात जाऊन बसायची.

खोपट म्हणजे काकांचा स्टुडिओ. वाडीच्या कडेला पत्र्याची लांबट खोली, उत्तरेकडे काचेची भिंत, आत एक खुर्ची, एक रंगवलेला पडदा आणि तीन पायांच्या तिकाटण्यावरचा मोठा लाकडी कॅमेरा. मुंबईच्या एका बड्या स्टुडिओत काकांनी वीस वर्षं रिटचिंगचं काम केलं होतं. छातीला खोकला लागला तेव्हा ते गावी परतले. रिटचिंग म्हणजे काय ते आज कुणाला ठाऊक नसेल. तेव्हा फोटो काचेच्या प्लेटवर निघायचा. ती काच तिरक्या चौकटीवर ठेवायची, खालून आरशाने उजेड टाकायचा, आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या, खळगे एक एक ठिपका देऊन भरून काढायचे. काका हे करताना श्वास धरून बसत. त्यांनी मला काही शिकवलं असं म्हणता येणार नाही. एके दिवशी त्यांनी पेन्सिल माझ्याकडे सरकवली आणि स्वतः उठून बाहेर गेले. मराठी सातवीनंतर माझी शाळा सुटली होती. सोळाव्या वर्षी मला कॅमेरा लावता येत होता, प्लेट धुता येत होती, उन्हात कागद छापता येत होता, आणि काकांनी केलेला चेहरा कुठला व मी केलेला कुठला, ते त्यांनाही पटकन सांगता येत नसे.

अशात एका सकाळी मोहल्ल्यातला एक तरुण ओटीखाली येऊन उभा राहिला. त्याचं नाव दाऊद. तो आगबोटीवर खलाशी होता आणि रजेवर घरी आला होता. त्याचा थोरला भाऊ मोंबासाला एका नातेवाइकाच्या दुकानात होता. सात वर्षं झाली, तो घरी आलेला नव्हता. आता त्याने लिहिलं होतं की मोंबासाचे लोक दुसरं लग्न कर म्हणून मागे लागलेत, तर त्यांना दाखवायला माझ्या बायकोची एक तसवीर पाठवा.

"भाभी पडद्यात असते," दाऊद म्हणाला. "कुणा पुरुषाला आत जाता यायचं न्हाय. पन तुमची पोरगी काढते असं ऐकलं."

काकांनी झोपाळा पायाने थांबवला. मग मला म्हणाले, "जाशील?"

स्वयंपाकघरातून काकूचा आवाज आला, "इंदू, सांग त्यांना, तरण्या पोरीला असं कुठेही पाठवत नाहीत."

मी तो निरोप पोचवला नाही. पहिल्यांदाच.

कॅमेरा दाऊदने डोक्यावर नेला. काका बरोबर आले, पण ते बाहेरच्या ओट्यावर बसले. मधल्या दारावर जाड पडदा होता. मी एकटी आत गेले. मागच्या अंगणात भरपूर उजेड होता. सारवलेल्या जमिनीवर एक खुर्ची मांडली होती, आणि हिरव्या रेशमात, गळाभर सोनं घालून हाजरा तिच्यावर बसली होती. बावीस-तेवीस वर्षांची असेल. तिचा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला होता. नवरा मोंबासाला गेल्यावर दुसऱ्याच वर्षी तिला देवी आल्या होत्या. आणि त्याला ते कुणी कळवलं नव्हतं.

तिच्या सासूला सगळे बडीबी म्हणत. ती माझा दंड धरून मला बाजूला घेऊन गेली. "पोरी, वण दिसता नये हां. एक बी नाय. तुझा काका काढून टाकतो ना? सगळ्यांचं काढतो म्हनतात."

"मीच काढते," मी म्हणाले. मला अभिमान होता त्याचा.

मी काळ्या फडक्याखाली डोकं घातलं. पडद्यापलीकडून काका ओरडले, "इंदू! सूर्य कुठे आहे?"

"मागे!"

"कुणाच्या मागे?"

"माझ्या!"

"मग त्या डोळे बारीक करतील. भिंतीच्या सावलीत घे!"

खुर्ची हलवली. हाजरा हळूच म्हणाली, "तुला आतून काय दिसतंय?"

"तुम्ही उलट्या दिसताय. पाय वर आणि डोकं खाली."

ती हसली. आधी तोंडावर पदर घेऊन, मग पदर सोडून. तिच्या डाव्या भुवईत मधेच एक खाच होती, हसताना ती भुवई दोन तुकड्यांत वर जायची. लहानपणी विहिरीच्या काठावर पडल्याची खूण, असं तिने पुढे सांगितलं. मी तिला तीन आकडे मोजेपर्यंत हलू नका म्हटलं. ती इतकी निश्चल बसली की मला वाटलं, श्वासही बंद केलाय.

त्या प्लेटवर मी चार दिवस बसले. आज इतकी वर्षं मुंबईत हे काम करून, साड्यांच्या गिरण्यांची कॅलेंडरं, मासिकांची मुखपृष्ठं, लग्नाच्या बायका, नाटकातल्या बायका असे हजारो चेहरे बघून मी म्हणते की इतकं सफाईदार काम मी पुन्हा कधी केलं नाही. एकूण एक वण भरला. मग हात थांबेना. ओठांच्या कोपऱ्यातली रेष गेली, डोळ्यांखालची सावली गेली, आणि भुवईतली ती खाच, तीही मी छापलेल्या कागदावर बारीक ब्रशाने केस केस काढून बुजवली. तयार झालेला तो फोटो बघून बडीबीने माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. हाजराने तो हातात घेतला, बघितला आणि परत दिला.

फोटो मोंबासाला गेला. पण माझं जाणं थांबलं नाही. दाऊद बोटीवर परतला होता, आणि घरातल्या बायकांना लिहिता येत नव्हतं. हाजराचा नवरा मराठी शाळेत शिकलेला, म्हणून पत्रं लिहायला मला बोलवायचे. पत्र चार ओळींचं असायचं. सलाम, सर्व ठीक, पाऊस बरा, आंबा कमी. ते दहा मिनिटांत संपायचं, आणि मग मी तास-दोन तास तिथेच. हाजरा गहू पाखडायची, मी बसून राहायची. ती नारळाच्या दुधातली सांदणं वाफवायची आणि गरम गरम माझ्या हातावर ठेवायची. मी ती खायची. घरी आले की काकू मला मागच्या दारी विहिरीवर नेऊन दोन घागरी अंगावर ओतल्याशिवाय आत घेत नसे. सांदणांचं मी तिला मरेपर्यंत सांगितलं नाही.

एव्हाना आम्ही एकमेकींना अगंतुगं करायला लागलो होतो. मी तिला आईबद्दल सांगितलं. घरी आईचं नावसुद्धा निघत नसे. तिने मला सांगितलं की देवी निघून गेल्यावर बडीबीने घरातला आरसा उचलून दाऊदच्या खोलीत ठेवला, दया म्हणून, आणि तेव्हापासून तिने आपला चेहरा नीट पाहिलेला नाही. हौदाच्या पाण्यात दिसतो तेवढाच.

साडेतीन-चार महिन्यांनी उत्तर आलं. बडीबी खाटेवर बसली, हाजरा दाराशी उभी राहिली, मी वाचायला लागले. सलाम वगैरे झाल्यावर लिहिलं होतं, "तसवीर पोचली. बाई सुरेख आहे, पण ही हाजरा नव्हे. ही कोण? हाजरा वारली असेल तर सरळ तसं लिहा, दुसरी कुणी माझ्या गळ्यात बांधू नका. ती जिवंत असेल तर तिची खरी तसवीर पाठवा. मी तिला इकडे बोलावून घेतो."

मला पुढचं वाचवेना. कानशिलं तापली होती. बडीबी म्हणाली, "या अल्ला, आता काय करायचं?"

"खरी पाठवा," हाजरा म्हणाली.

"येडी झालीस? ती बघून तो दुसरी आनील."

"आनू दे. आत्ता तर मना त्यानं मेलेलीच धरलीय."

मी धावतच घरी आले. काका रिटचिंगच्या चौकटीपाशी होते. मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, उठून खोक्यातून हाजराची प्लेट काढली, कापसाच्या बोळ्यावर टर्पेंटाईन घेतलं आणि काचेवर एकदाच फिरवलं. माझे चार दिवस काळ्या रेघोट्या होऊन बोळ्यावर आले. काका म्हणाले, "पेन्सिल जाते. म्हणून मी चाकू वापरू देत नाही कधी." मग थोडं थांबून, "मुंबईला एक गृहस्थ आले होते. बायको गेलेली. तिचा फोटो द्या म्हणाले. दिला. ते म्हणाले, ही नको, माझी द्या. काच मी चाकूने खरवडलेली, माझ्याकडे दुसरी छापच नव्हती." एवढं बोलून त्यांना खोकला आला आणि ते बाहेर गेले. काका माझ्याशी सलग बोलले असे प्रसंग मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकेन. हा त्यांतला एक.

मी त्याच दिवशी प्लेट आणि कागद छापायच्या चौकटीत घालून उन्हात लावले. चौकट उघडली तेव्हा हाजरा होती. सगळे वण, ओठांची रेष, तुटकी भुवई, आणि हसू नुकतंच थांबवल्यासारखे डोळे. फोटो धुऊन वाळवला आणि पाकिटात घातला. आणि मग तो मी नेऊन दिला नाही.

हे लिहायला मला जड जातंय. मी स्वतःला सांगत होते की बडीबी म्हणते ते खरं आहे, नवरा हा फोटो बघून तिला टाकील, तर मी तिला वाचवतेय. पण खरं कारण मला त्याच संध्याकाळी ठाऊक होतं. त्याने हा फोटो बघून तिला टाकलं नाही, तर तो तिला बोलावणार होता. मग मला पुन्हा ते घर, तो झोपाळा, तो उंबरा आणि मधे उभी मी. पाकीट मी कागदांच्या खोक्याच्या तळाशी ठेवलं आणि हाजराला जाऊन सांगितलं की प्लेट धुताना फुटली.

"मग दुसरी काढ," ती म्हणाली.

"काकांना बरं नाही."

पुढच्या खेपेला सांगितलं की प्लेटा मुंबईहून यायच्यात. त्याच्या पुढच्या खेपेला तिने विचारलंच नाही. गहू पाखडत राहिली. मी बसून राहिले. सांदणं झाली होती, तिने दिली, मी ती तशीच खाली ठेवली. असे तीन आठवडे गेले असतील.

एक दिवस बडीबी कुणाकडे तरी मयताला गेली होती. हाजराने सूप खाली ठेवलं.

"इंदू, तसवीर फुटली न्हाय ना?"

मी सूप उचलून गहू पाखडायला घेतले.

"तू कापडाखालून माझ्याकडं बघत व्हतीस ना, तशी मी बी तुझ्याकडं बघते. चार महिने बघते. तुना खोटं बोलता येत नाय. कान लाल होतात."

"त्याने तुला नको म्हटलं तर?" मी म्हणाले.

"तर नको. पन ते त्याला बोलू दे. तू कशाला बोलतेस त्याच्या वतीनं?" ती रागावली नव्हती, तेच मला सहन होईना. मग ती माझ्याजवळ सरकून बसली. "मी गेली तर तू एकटी, हे मना कळतंय. पन मी सात वर्षं एकटी हाय गो. या अंगनात, या भिंतींकडं बघत. तू एकटी व्हायच्या नुसत्या भीतीनं तीन हप्ते खोटं बोललीस. मी सात वर्षांत काय काय झाले असेन, बघ."

मी घरी गेले, पाकीट काढलं आणि परत आले. तिने तो फोटो दोन्ही हातांत धरला. ती किती तरी वेळ बघत राहिली, मग बोट ओलं करून स्वतःच्या गालावर एका ठिकाणी ठेवलं आणि दुसऱ्या हाताने फोटोत तेच ठिकाण शोधलं. "इथं व्हय," ती म्हणाली. "मना वाटलं व्हतं याहून वाईट असेल."

पत्र आम्ही दोघींनीच लिहिलं. बडीबीला मागून कळवलं. देवी कधी आल्या, किती दिवस ताप होता, सगळं तिने सांगितलं आणि मी लिहिलं. शेवटी सही म्हणून तिने शाईत बोट बुडवून ठसा दिला.

उत्तर यायला उन्हाळा संपत आला. त्यात दोनच ओळी तिच्यासाठी होत्या. "ही हाजरा. भुवई तीच. इतका ताप आला तो मला का कळवला नाही? दाऊदबरोबर पाठवा." मी त्या तिला तीनदा वाचून दाखवल्या. चौथ्यांदा वाचायला घेतल्या, तर तिने कागद काढून घेतला आणि वाचता येत नसताना त्याच्याकडे बघत बसली.

तिचं पुढे चांगलं झालं. दोन मुलगे झाले, तिकडे नवऱ्याच्या दुकानामागे तिचं स्वतःचं घर झालं, असं दाऊद जेव्हा केव्हा भेटे तेव्हा सांगे. मीही नंतर मुंबईला गेले, काकांच्या जुन्या ओळखीवर एका स्टुडिओत लागले आणि पुढे माझा स्वतःचा काढला. नट्या यायच्या, शेठाण्या यायच्या, पेन्सिल मी त्यांच्यासाठी चालवली, पोटासाठी चालवावी लागली. पण प्रत्येक प्लेटची एक छाप पेन्सिल लावण्याआधी काढून ठेवत गेले. कुणी मागितली नाही तरी. ती खोकी आजही माझ्या खाटेखाली आहेत आणि सावत्र बहिणीची मुलगी म्हणते, मावशी, यांचं काय करायचं? मला सांगता येत नाही.

पावसाळा सरून दाऊद पुन्हा रजेवर आला, आणि हाजराच्या जायच्या दिवशी मी बंदरावर गेले. काकूने जाऊ नको म्हणून सांगितलं, काकांना सांगायला सांगितलं, मी ऐकलं नाही. खाडीत भरती होती. आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी होती, आणि उतारूंना तिच्यापर्यंत न्यायला मचवा धक्क्याला लागला होता. कोळणींच्या टोपल्या, नारळांची पोती, बकऱ्या, भांडणारी माणसं. बैलगाडी येऊन थांबली. आधी दाऊद उतरला, मग तीन बायका उतरल्या, तिन्ही काळ्या बुरख्यात. मुंबईपर्यंत सोबत म्हणून त्याच्या सासरी असलेल्या दोन बहिणी चालल्या होत्या, हे मला ठाऊक नव्हतं.

तिघी एका उंचीच्या. मी गर्दीतून पुढे घुसले. "हाजरा!" असं ओरडावंसं वाटलं, पण भर बंदरावर पडद्यातल्या बाईचं नाव कसं घ्यायचं? दाऊदने मला पाहून मान हलवली आणि तिघींना घाईने फळीवरून मचव्यात चढवलं. तो सगळा चेहरा मी ठिपका ठिपका करून ओळखत होते. माझ्याइतका तो जगात कुणी बघितला नसेल, तिच्या नवऱ्यानेही नाही. आणि तिची चाल कशी आहे, पाठमोरी ती कशी दिसते, ते मी कधी लक्ष देऊन बघितलंच नव्हतं. ती माझ्यासमोर बहुतेक बसलेली असायची.

मचवा सुटला. शीड भरेपर्यंत खलाशांनी वल्ही मारली. पाणी पाच-सहा हात रुंद झालं असेल, तेव्हा त्या तिघींतल्या एकीने बुरख्यातून हात बाहेर काढून वर केला. मग दुसरीनेही केला, तिकडे धक्क्यावर त्यांचंही कुणी असेल. तिसरी किनाऱ्याकडे पाठ करून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते.

मी हात वर केला आणि तिघींनाही दिसावा म्हणून मचवा खाडीच्या तोंडाशी जाईपर्यंत तसाच धरून ठेवला.